नियमाला आयुष्य किती असावे?

परभणी जिल्ह्यात जत्रांचा हंगाम सुरू झाला की जिंतूरपासून पालमपर्यंत गावोगावी कुस्त्यांचे फड लागतात. हलगी कडाडू लागते, माती उकरून भुसभुशीत केलेली असते, आणि पहिली कुस्ती लागते ती नारळावर, लहान पोरांची. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना मानाची शेवटची जोड मैदानात उतरते. या साऱ्यात नियम एकच: पाठ मातीला लागली की निकाल. हा नियम कोणी केला हे गावात कोणी सांगू शकणार नाही. तो बदलायचा अधिकार कोणाचा, असे विचारले तर समोरचा विचारणाऱ्याकडेच चमत्कारिक नजरेने बघेल. पंच असतात, ते जोड लावतात, भांडण मिटवतात, फार रेंगाळलेली कुस्ती बरोबरीत सोडवतात. नियम मात्र त्यांच्याही आधीचा. याच गावातून परभणीला किंवा पुण्याला शिकायला गेलेला मुलगा संध्याकाळी कॉम्प्युटरवर ‘टेकन ८’ लावतो, तेव्हा तोही एका अर्थाने आखाड्यातच उतरतो. समोर एक प्रतिस्पर्धी, डाव, उलटडाव, आणि चीत होणे. पण या आखाड्याला मालक आहे. जपानमधली बांदाई नामको ही कंपनी काही काही महिन्यांनी डावांची ताकद कमी-जास्त करते, आणि काल बसलेला डाव आज बसत नाही.

हा बदल किती बारीक असतो ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ ठरेल. टेकन एका सेकंदाचे साठ तुकडे करतो. एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. सर्वांत जलद ठोसा दहा फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात. समजा, एका पात्राची लाथ अडवली गेली की मारणारा तेरा फ्रेम मागे पडतो. अडवणाऱ्याला तेवढ्या वेळात उलट ठोसा हमखास मिळतो, म्हणून ती लाथ जपून वापरायची असते. ती कधी मारायची हे कळण्यातच त्या पात्राचा निम्मा अभ्यास असतो. आता पॅच, म्हणजे कंपनीची दुरुस्ती, आला आणि तेराचे नऊ झाले. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण दहा फ्रेमचा ठोसा नऊच्या फटीत बसत नाही, त्यामुळे कालपर्यंत धोक्याची असलेली लाथ आज बेधडक मारता येते. ज्याने ती लाथ ओळखून उलट ठोसा मारायची सवय हाताला लावली होती, त्याचा हात आज चुकीचा ठरतो. हात तोच, नजर तीच. बदलला तो फक्त कंपनीच्या यादीतला एक आकडा. खेळणाऱ्यांच्या बोलीत पात्र वाढवले तर ‘बफ’, छाटले तर ‘नर्फ’, आणि त्या घडीला जे चालते त्याला ‘मेटा’ म्हणतात.

कंपनीचे म्हणणे सरळ आहे आणि ते खोटे नाही. बत्तीस पात्रे असतील तर बत्तीसही खेळण्याजोगी हवीत. एखादे पात्र सगळ्यांना झोपवत असेल तर स्पर्धा मरते. म्हणून समतोल राखण्यासाठी दुरुस्ती. प्रश्न असा की समतोल ही कोणाची जबाबदारी, आणि तो किती काळात यायला हवा? हा प्रश्न वरवर गेमचा दिसला तरी त्याच्या तळाशी नियमाविषयीचा फार जुना प्रश्न आहे. नियम न्याय्य असतो तो कशामुळे: आज, या क्षणी, सर्वांना सारखी संधी देतो म्हणून, की उद्याही तोच राहील या भरवशावर माणसाला आपले आयुष्य त्यात गुंतवता येते म्हणून? दोन्ही हवे हे उत्तर सोपे आहे. माझे म्हणणे असे, की वारंवार केलेली दुरुस्ती पहिल्या न्यायासाठी दुसऱ्याचा बळी देते, आणि बहुतेक वेळा पहिलाही हाती लागत नाही. एखादी विद्या अंगी मुरायला जितका काळ लागतो, त्याहून नियमाचे आयुष्य मोठे असलेच पाहिजे. ते लहान झाले की खेळ उरतो, विद्या उरत नाही.

पुरावा खुद्द व्हिडिओ गेमच्या जगात आहे. निन्तेंदोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा गेम २००१ साली आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांमधले किरकोळ फरक सोडले तर त्याला नंतर कोणी हात लावला नाही. त्यातले योशी हे पात्र मोठ्या स्पर्धेत काही कामाचे नाही असे वर्षानुवर्षे मानले जाई. आजच्या रिवाजाप्रमाणे दोन-चार महिन्यांत त्याला बफ मिळाला असता आणि विषय संपला असता. कोणी वाली नसल्यामुळे योशी तसाच राहिला, आणि आम्सा या नावाने खेळणारा एक जपानी खेळाडू तेच पात्र धरून बसला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने ‘द बिग हाउस १०’ ही मोठी स्पर्धा योशी घेऊनच जिंकली. गेमचा एकही आकडा बदलला नव्हता. ती ताकद २००१ पासून गेममध्येच होती, ती कोणाला दिसायला दोन दशके लागली. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’ १९९९ चा. २००४ च्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने जवळजवळ संपलेल्या ताकदीवर चुन-ली या पात्राच्या महाडावातला एकेक फटका अचूक वेळी परतवला, ते दृश्य गेमविश्वात आजही पाहिले जाते. गेम तेव्हा पाच वर्षांचा झाला होता. तो फटक्यांचा ठेका पाच वर्षे तोच होता म्हणून हाताला तो पाठ होता.

याच्याशी मिळताजुळता प्रसंग आपल्याकडे व्याकरणात घडलेला आहे, आणि तो मला या सगळ्या चर्चेचा गाभा वाटतो. पाणिनीने सूत्रे रचली. त्यानंतर कात्यायनाने त्यांवर वार्तिके लिहिली: इथे सूत्र अपुरे पडते, इथे एवढे जोडा, इथे एवढे वगळा. आजच्या भाषेत ही पॅचची यादीच. मग महाभाष्यकार पतंजली आला. त्याने काय करावे? अनेक ठिकाणी त्याने कात्यायनाची दुरुस्ती बाजूला ठेवली आणि दाखवून दिले की मूळ सूत्र नीट वाचले, त्याचे दोन भाग करून पाहिले, दुसऱ्या सूत्रातली खूण पकडली, तर जे जोडायचे म्हणता ते आत आहेच. सगळीकडे नाही, काही दुरुस्त्या त्याने मान्य केल्या, काही स्वतःच्या पदरच्या घातल्या. पण त्याची पहिली धाव दुरुस्तीकडे नव्हती, शोधाकडे होती. सूत्र स्थिर आहे असे धरून चालल्यामुळेच त्याला ते इतके खोल खणावे लागले, आणि संस्कृत व्याकरणातले पुष्कळसे वैभव या खणण्यातून आले. आम्साने योशीच्या बाबतीत हेच केले. कात्यायन दर महिन्याला सूत्रपाठच बदलत बसला असता तर पतंजलीला भाष्य लिहायला आधार उरला नसता.

आता उलट बाजूचे उदाहरण. टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या सीझनचा पॅच आला. खेळाडूंची आधीपासूनची तक्रार होती की गेम चढाईकडे फार झुकला आहे, बचावाला वाव नाही. पॅचनंतर चढाई आणखीच सोपी झाली असे त्यांना दिसले, तेव्हा स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर नाराजीच्या अभिप्रायांचा ढीग पडला आणि कंपनीला त्याच महिन्यात दुरुस्तीची दुरुस्ती काढावी लागली. यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. पॅच नेहमी कालच्या मेटाला उत्तर देतो, आणि तो आल्याबरोबर मेटा बदलतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध दिले ते दुखणे औषध पोहोचेपर्यंत वेगळे झालेले असते. शिवाय ते दुखणे खरे होते की फक्त खेळाडूंना अजून उत्तर सापडले नव्हते, हे कळायचा एकच मार्ग असतो: थांबणे. नेमका तोच मार्ग पॅच बंद करतो. पतंजलीच्या योगसूत्रांनी अभ्यासाची जी लक्षणे सांगितली त्यांत दीर्घ काळ आणि अखंडपणा या दोन गोष्टी आहेत (तो पतंजली आणि हा पतंजली एकच का, हा वाद पंडितांनी सोडवावा). अखंडपणा हा साधकाचा गुण म्हणून आपण वाचतो. पण जिथे रोज साध्यच हलवले जाते तिथे साधक कितीही चिवट असला तरी अभ्यास अखंड राहत नाही. साधकाच्या निष्ठेइतकीच साध्याचीही निष्ठा लागते.

यावर पहिला आक्षेप कुस्तीतूनच येईल, आणि तो वजनदार आहे. नियम बदलले नसते तर ऑलिम्पिकमध्ये कुस्ती उरली असती का? फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. त्या वेळचे नियम खरोखर विचित्र होते: दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यांतल्या दोन जिंकणारा विजयी, आणि फेरी गुणाविना बरोबरीत सुटली तर रंगीत चेंडू काढून पकडीचा फायदा कोणाला हे ठरे. घाम गाळून आलेल्या मल्लाचा निकाल सोडतीवर. मे महिन्यात मॉस्कोत आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाची खास सभा झाली, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची बेरीज अशी सरळ पद्धत आली, आणि सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयर्सला कुस्ती परत घेतली गेली. बदल हवाच होता, आणि तो चांगला झाला. पण बदलाची किंमत कोणी मोजली तेही पाहावे. त्यानंतर वजनगटही बदलले. सुशील कुमारने २०१२ ला लंडनमध्ये ६६ किलोत रौप्य जिंकले होते. तो गटच गेला आणि त्याला ७४ किलोत यावे लागले. तिथे तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव होता, आणि त्याने २०१५ च्या जागतिक स्पर्धेतल्या कांस्यपदकाने भारताला रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली होती. दोघांत खरा मल्ल कोण, हा वाद २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली. महासंघाच्या स्वित्झर्लंडमधल्या कचेरीत यादीतला एक आकडा पुसला गेला आणि इथे दोन आयुष्ये एकमेकांवर येऊन आदळली. गरज असेल तर नियम बदलावाच. मात्र प्रत्येक बदलामागे असे कोणीतरी असते हे ज्याला ठाऊक आहे, तो दर दोन महिन्यांनी बदल करणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक. सगळेच क्षणिक आहे, नियम तेवढा टिकावा हा आग्रह म्हणजे मोहच, असे बौद्ध वळणाने कोणी म्हणेल. आणि त्याला जोडून खेळाडू म्हणेल की बदलत्या मेटाशी जुळवून घेणे हेही कौशल्यच आहे, पाठांतरापेक्षा वरचे. यातला दुसरा भाग मला अंशतः मान्य आहे. जो नवा पॅच आल्यावर दोन दिवसांत त्यातले नेमके हेरतो त्याची बुद्धी तल्लखच. पण हे कौशल्य खेळाचे की बातम्या वाचण्याचे, हा फरक राहतो. प्रतिस्पर्ध्याने टाकलेल्या अनपेक्षित डावाशी जुळवून घेणे ही कुस्ती. कंपनीने काढलेल्या परिपत्रकाशी जुळवून घेणे ही नोकरी. राहता राहिली क्षणिकता. बुद्धाने संस्कार अनित्य म्हटले, पण संघाला जो विनय, म्हणजे आचरणाचे नियम, दिला तो रोज बदलायला दिला नाही. परंपरा सांगते की परिनिर्वाणापूर्वी त्याने क्षुल्लक नियम संघाला वाटले तर सोडावेत अशी मोकळीक दिली, आणि राजगृहाच्या संगीतीत भिक्खूंनी विचार करून ती वापरली नाही. क्षुल्लक कोणते आणि थोर कोणते यावरच एकमत होईना, म्हणून सगळेच जसेच्या तसे ठेवले. जगाची अनित्यता ज्यांनी सर्वांत खोल जाणली त्यांनी साधनेचा नियम मात्र अढळ ठेवला, याला कारण असणार.

तिसरा आक्षेप मराठवाड्यात बसून टाळता येत नाही. ‘नियम आहे तसा राहू द्या, दुबळ्याने वाट पाहावी, त्याच्यातही ताकद आहे, ती शोधावी’ हे बोलणे इथे कोणी कोणाला ऐकवले, हे सर्वांना माहीत आहे. महाडचे तळे १९२७, काळाराम मंदिर १९३०, आणि विद्यापीठाच्या नामांतरासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत मोजलेली वर्षे. प्रत्येक वेळी स्थिर नियमाचा कैवार घेणारे तेच होते ज्यांना तो सोयीचा होता. मग योशीचे कौतुक करणे ही त्याच युक्तिवादाची गेममधली आवृत्ती नाही काय? माझे उत्तर असे. योशीवर अन्याय होत नाही, कारण योशी कोणी नाही. आम्साने ते पात्र निवडले. नको वाटले तर एक बटण दाबून तो दुसरे घेऊ शकला असता. जातीत माणूस निवड करून शिरत नाही आणि कंटाळला म्हणून बाहेर पडू शकत नाही. जिथे नियम माणसालाच दुबळा ठरवतो तिथे थांबणे हा गुन्हा आहे, तिथे नियम आजच्या आज गेला पाहिजे. हा भेद खेळाच्या आतही लागू होतो. महिलांना आखाडा उघडणे किंवा मल्लाच्या डोक्याला इजा करणारा डाव बंद करणे हा माणसाचा प्रश्न. त्यात विलंब नको. अमुक पात्राची लाथ तेरा फ्रेमची की नऊची हा माणसाचा प्रश्न नाही. पॅचवाले नेहमी पहिल्या प्रश्नाची निकड दुसऱ्याला उसनी देतात. धर्मशास्त्रकारांनी मात्र याच्या उलट लबाडी केली: गैरसोयीचा जुना नियम काढायचा असेल तेव्हा तो ‘कलिवर्ज्य’ ठरवला, म्हणजे नियम खरा, पण या युगापुरता बंद. बदल केला आणि केला नाही असे दाखवले. त्या मानाने कंपन्या काय बदलले याची यादी तरी छापतात.

तरीही यादी छापणाऱ्यावर भरवसा का ठेवायचा, हे उरतेच. नैयायिक म्हणत की शब्दाला प्रामाण्य येते ते बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह आहे म्हणून. मीमांसक म्हणत की वेदाला कर्ताच नाही, म्हणूनच कोणाच्या हेतूचा डाग त्याला लागत नाही. जत्रेतली कुस्ती मीमांसकांच्या पंथाची आहे. पॅचवाला गेम पूर्णपणे नैयायिकांचा. नियमाला कर्ता असेल तर त्याचा हेतू तपासावाच लागतो, आणि इथे तो हेतू मिश्र आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये मे २०२४ ला अकुमा हे नवे, विकतचे पात्र आले, आणि समतोलाचा मोठा पॅचही त्याच दिवशी. दोन्ही एकत्र येण्यात कट असेलच असे नाही, पण बाजार जागता ठेवण्याची गरज आणि न्यायाची गरज एकाच तारखेला उगवू लागली की कोणती कोणाच्या मागे चालते हे ओळखू येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण दिले, ते केवड्याला, म्हणजे पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला, दाद देत नव्हते. पुढे रोगाने मार्ग काढला आणि ती प्रतिकारशक्ती ओसरली. तिथेही दुरुस्तीचे चक्र चालतेच. पण कोणतेही वाण शेतकऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी वेगवेगळ्या जमिनींत, अनेक हंगाम चाचणी घेऊन पाहिले जाते. बियाणे चुकले तर शेतकऱ्याचे वर्ष जाते म्हणून ही सक्ती. खेळाडूचे वर्ष जाते तेव्हा ती सक्ती कोणावर नसते.

बदल करून थांबता येते, हे कबड्डीत दिसते. तिथे ‘सुपर टॅकल’ आला तो २०१४ ला प्रो कबड्डीबरोबर: तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड केली तर जादा गुण. हा दुबळ्या बाजूला दिलेला बफच होता. पण तो देऊन मंडळी गप्प राहिली, आणि त्या नियमाभोवती बचावाची एक नवी रीत उभी राहायला वेळ मिळाला. इतके तरी गेमवाल्यांना जमायला हरकत नसावी: वर्षातून किंवा दोन वर्षांतून एकदा, आधी सांगून, स्पर्धांचा हंगाम संपल्यावर. त्याहून कठीण गोष्ट वेगळीच आहे. गेमचा पॅच आला की आधीचा गेम नाहीसा होतो. टेकन ३ ची सीडी कोणाच्या माळ्यावर सापडली तर तो १९९८ चा गेम आजही तसाच चालेल. टेकन ८ पहिल्या दिवशी होता तसा ऑनलाइन खेळायचा म्हटले तर खेळता येत नाही, कारण कंपनीने तो मागे ठेवलेलाच नाही. कुस्तीत तसे झाले नाही. मॅटवरचे नियम बदलत गेले, गुण आले, घड्याळ आले, आणि माती जिथल्या तिथे राहिली. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी, म्हणजे मॅट, असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांसमोर उभे राहतात. त्या लढतीत कोणता नियम खरा, यावर वाद होत राहतो.